केनियाच्या मिशन दवाखान्यात दोन आठवडे: आधी, तिथे आणि परतल्यावर

उपासना संपता संपता पाळकसाहेब घोषणा करतात, "येत्या जुलैत केनियाला वैद्यकीय सेवेसाठी टीम जाणार आहे. ज्यांना या सेवेची ओढ वाटते त्यांनी नावं द्यावीत." मग बाहेर चहा पिताना दोन प्रश्न हमखास येतात. "मी डॉक्टर नाही, मला घेतील का?" आणि "सोबत औषधं किती नेऊ?" पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, बहुतेक वेळा, एकही नको.

मी नर्स आहे. मिरजेत शिकले, पुढची बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि पश्चिम केनियातल्या डोंगराळ भागात दोनदा टीमबरोबर जाऊन आले. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. माझ्या आजीची बाळंतपणं तिथलीच. आजी म्हणायची, "साहेब देवमाणूस होता गं, पण मी सगळं सांगितलं ते कंपाउंडरला. त्याला मराठी येत होतं ना." परदेशी डॉक्टर टेबलाच्या पलीकडे आणि आपण अलीकडे, हे आमच्या घरानं पाहिलेलं आहे. केनियात आपण पलीकडे बसतो तेव्हा आजीचा कंपाउंडर कोण हे आधी शोधायचं आणि त्याच्या मागे उभं राहायचं. पुढचं बहुतेक सगळं त्यातूनच येतं.

पहिलं पाऊल: कोणाकडे जाताय ते तपासा

केनियात जुनी, रुजलेली मिशन रुग्णालयं आहेत. किकुयू १९०८ पासून, किजाबे १९१५, चोगोरिया १९२२, बोमेट जिल्ह्यातलं टेनवेक १९३७. आज तिथे केनियन डॉक्टर, नर्सेस आणि प्रशिक्षणार्थी आहेत. यातली बरीच ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ केनिया या संघटनेशी जोडलेली आहेत. अशा रुग्णालयाच्या आमंत्रणावरून, त्यांच्याच माणसांबरोबर गावात शिबिराला जाणं हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरून टीम येते, एखाद्या चर्चमध्ये चार दिवस टेबलं मांडते, शेकडो गोळ्या वाटते आणि फोटो काढून निघून जाते. या दुसऱ्या प्रकाराला माझा सरळ विरोध आहे.

नाव देण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा. आपण निघाल्यावर दुसऱ्या दिवशी हाच पेशंट आला तर त्याला कोण बघणार? शिबिराची जागा आणि दिवस कोणी ठरवले, तिथल्या लोकांनी की आपण? आणि गंभीर पेशंट निघाला तर गाडी कोणाची, जायचं कुठे, पैसे कोण भरणार? उत्तरं गुळमुळीत आली तर विमानाच्या तिकिटाचे पैसे सरळ एखाद्या मिशन रुग्णालयाच्या गरीब-रुग्ण निधीला पाठवा. त्यात कमीपणा काही नाही.

हे आपल्याला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, आणि गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. डॉक्टर येतो आणि जातो, बाई गावात राहते. केनियातही प्रत्येक भागात कम्युनिटी हेल्थ प्रमोटर असतात, साधारण आपल्या आशाताईंसारख्या. शिबिराच्या आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर बसून चहा प्या. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय, कोणतं मूल महिनाभर खंगतंय, हे त्यांना तोंडपाठ असतं.

सहा महिने आधी: कागद

केनियानं जानेवारी २०२४ पासून जुनी व्हिसा पद्धत बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली. पण फिरायला जाण्याची परवानगी वेगळी आणि पेशंटला हात लावण्याची वेगळी. "पर्यटक म्हणून जाऊ, कोण बघतंय" असं टीममधलं कोणीतरी म्हणतंच. तसं करू नका. पकडले गेलात तर त्रास तुम्हाला कमी आणि बोलावणाऱ्या रुग्णालयाला जास्त. डॉक्टरांना केनिया मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. नर्सेसचं वेगळं कौन्सिल आहे. अर्ज यजमान रुग्णालयामार्फत जातो आणि त्यासाठी आपल्याकडून पदवी, नोंदणी प्रमाणपत्र आणि आपल्या राज्याच्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्यावर कारवाई नाही असा दाखला, द्यावं लागतं. या शेवटच्या कागदाला वेळ लागतो, म्हणून सुरुवात त्यानेच करा. कोणत्या कामाला कोणता इमिग्रेशन पास हवा, हे यजमानांकडून लेखी घ्या.

विम्यात उपचारासाठी विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते पाहा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून आम्रेफ या आरोग्य संस्थेची फ्लाइंग डॉक्टर्स ही विमान-रुग्णवाहिका सेवा चालते. तिची सुरुवात १९५७ सालची. पण त्यांचं विमान मागवायचं तर आधी सदस्यत्व किंवा विमा असावा.

लसी: उशीर इथेच होतो

हिपॅटायटिस बी चे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांना असतात. म्हणून सहा महिने आधी हालचाल. लहानपणी लस घेतली असेल तर अँटीबॉडीची तपासणी करून घ्या. धनुर्वाताचा बूस्टर, टायफॉइड आणि गोवर हेही बघून घ्या.

पीतज्वराची लस मात्र आपल्याकडे येता-जाता विचारली जाते. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि तिथेही ठरावीक वारी. टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे जुनं पिवळं कार्ड कपाटात असेल तर शोधा. केनियाहून परतताना ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मलेरियाची प्रतिबंधक गोळी डॉक्टर ठरवून देतील. आपल्याकडे बहुधा डॉक्सीसायक्लिन देतात: रोज एक, जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू आणि परतल्यावर चार आठवडे चालू. भरपूर पाण्याबरोबर घ्या, लगेच आडवे होऊ नका, उन्हात टोपी घाला. गरोदरपणात ही चालत नाही. "आमच्याकडेही मलेरिया आहेच की" म्हणून ती टाळणारे टीममध्ये असतात. तिकडचा मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा, वेळेत उपचार झाले नाहीत तर जीव घेणारा. तुमच्या अंगात भारतीय रक्त आहे म्हणून तो दयामाया दाखवत नाही.

बॅगेत काय, काय नको

घरोघरी उरलेल्या गोळ्या, डॉक्टरांकडची सॅम्पलं, चर्चच्या मंडळीतल्या बहिणींनी प्रेमाने गोळा केलेल्या कफ सिरपच्या बाटल्या: हे सगळं इथेच ठेवा. औषधांच्या दानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं नव्वदच्या दशकापासून आहेत. दान केलेलं औषध त्या देशाच्या यादीतलं असावं, पोचताना मुदत किमान वर्षभर उरलेली असावी, पेशंटने परत केलेलं किंवा सॅम्पल नसावं, एवढं त्यात स्पष्ट आहे. वर केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची आयात परवानगी लागते. ट्रामाडॉल, कोडीन, डायझेपाम असलं काही बॅगेत सापडलं तर सेवाकार्य विमानतळावरच संपेल.

त्याऐवजी पैसे न्या. यजमान रुग्णालय जे औषध वर्षभर ठेवू शकतं तेच औषध केनियात विकत घ्या. आपण "क्रोसिन" म्हणतो, तिथे "पॅनाडॉल" म्हणतात, म्हणून औषधाचं मूळ नाव लिहा-बोलायची सवय लावा.

नेण्यासारखं काय? स्वतःचा स्टेथोस्कोप, बीपीचं हाताचं यंत्र आणि त्याचे तीन मापांचे पट्टे. जाड दंडाला अरुंद पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं. हेड टॉर्च. तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर, कारण आपला गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही. आणि स्वेटर! आफ्रिका म्हणजे ऊन या समजुतीने आमच्यातले दोघे पहिल्या वर्षी सुती कपडे घेऊन आले आणि जुलैच्या थंडीत रात्री टॉवेल गुंडाळून झोपले. तो भाग महाबळेश्वरापेक्षा उंच आहे.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे. चपला, खाऊ, पापड प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची आपली सवय आहे. त्याऐवजी कापडी पिशव्या शिवा. गोळ्या द्यायला कागदी पाकिटं न्या, ती तुमच्या महिला मंडळाला आनंदाने करता येतील.

भाषा: दोनशे शब्द नकोत, वीस पुरे

मुंबई ते नैरोबी थेट विमानाने सहा-साडेसहा तासांचा प्रवास, घड्याळ अडीच तास मागे. उतरल्यावर कानाला काही शब्द ओळखीचे वाटतात. चाय, चपाती, दुकानाला दुका, गाडीला गारी. औषधाला दावा, म्हणजे आपल्या दवाखान्यातलाच तो अरबी शब्द. पोट म्हणजे तुम्बो, डोकं किच्वा, ताप होमा, खोकला किकोहोझी, जुलाब कुहारा. "उनाउम्वा वापी?" म्हणजे कुठे दुखतंय. आणि सगळ्यात उपयोगी "पोले साना", म्हणजे फार त्रास झाला हो तुम्हाला. बोमेटकडे म्हाताऱ्या बायका किप्सिगिस बोलतात, त्यांना "चाम्गेई" म्हणून नमस्कार केला की चेहरा उजळतो. आभार मानताना "कोन्गोई".

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्हीही कराल. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले म्हणजे पहिला तास, साआ मोजा. आठ वाजले म्हणजे साआ म्बिली, दुसरा तास. मला आकडे पाठ झाले होते, त्याच्या जोरावर मी एका बाईला दुभाष्याविना सांगितलं, गोळी सकाळी आणि रात्री "साआ नाने" ला घ्या. नाने म्हणजे आठ. पण रात्रीचे साआ नाने म्हणजे पहाटेचे दोन. ती बिचारी दोन रात्री उठून बसली आणि तिसऱ्या दिवशी चिडून परत आली, की असलं कसलं औषध. तिथली नर्स पोट धरून हसली आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, आकडे आमच्यावर सोडा." त्यानंतर आम्ही पाकिटांवर घड्याळ लिहिलंच नाही. सकाळसाठी उगवता सूर्य, दुपारसाठी डोक्यावरचा सूर्य, रात्रीसाठी चंद्र, आणि खाली जितक्या गोळ्या तितकी वर्तुळं.

दुभाषा शक्यतो गावचा नसावा. शेजारणीसमोर कोण सांगेल आपला आजार? आणि बोलताना दुभाष्याकडे नाही, पेशंटकडे बघा.

शिबिराचा दिवस

जागा बहुधा चर्चची इमारत किंवा शाळा. टेबलं अशी लावा की पेशंट एका दारातून आत येईल आणि दुसऱ्यातून बाहेर पडेल. क्रम असा: नोंदणी, वजन-ताप-बीपी, तपासणी, प्रयोगशाळेचं टेबल, औषधं. शेवटी, वेगळ्या कोपऱ्यात, ज्याला हवी त्याच्यासाठी प्रार्थना.

केनियात बाह्यरुग्ण विभागाचा कणा म्हणजे क्लिनिकल ऑफिसर. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला हा माणूस मलेरिया, न्यूमोनिया, जुलाब यांत तुमच्या एमडीपेक्षा तरबेज असतो, कारण रोज तेच बघतो. तपासणीच्या खुर्चीत तो बसतो. भारतीय डॉक्टर बाजूच्या स्टुलावर बसतात आणि विचारलं की मत देतात. आमच्या टीममधल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना हे पहिल्या दिवशी जड गेलं. तिसऱ्या दिवशी ते वही काढून नोंदी घेत होते.

डॉक्टर नसलेल्यांनी कुठे बसायचं? नोंदणी, वजनकाटा, पाकिटं भरणं, पाण्याची पिंपं, मुलांना रांगेत खेळवणं, पेशंटला या टेबलावरून त्या टेबलावर नेणं. एक नियम सगळ्यांना सारखा: जे काम भारतात करायची तुम्हाला मुभा नाही, ते तिथेही करायचं नाही. कॉलेजच्या मुलाला "घे रे, एक इंजेक्शन देऊन बघ" म्हणणारा कोणी भेटला तर त्या मुलाने हात मागे घ्यावा.

पण नोंदणीवर बसणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बँकेत कारकून का असेना, लहान मुलांची ही चार धोक्याची लक्षणं पाठ हवीत: मूल पीत किंवा चोखत नाही, घेतलेलं सगळं उलटून टाकतं, झटके आले आहेत, किंवा ते सुस्त पडलंय, उठत नाही. यातलं एकही दिसलं तर नंबर न बघता उचलून थेट तपासणीला. श्वासही मोजायला शिका. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिने ते वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर चाळीस किंवा जास्त म्हणजे जलद. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर ते तीव्र कुपोषण. त्याला जंताची गोळी देऊन घरी पाठवायचं नसतं.

नंबरांची मर्यादा सकाळीच ठरवा. एक क्लिनिकल ऑफिसर दिवसभरात जितके नीट बघेल तितकेच. बाकीच्यांना दुपारी तीनला नाही, सकाळी दहालाच सांगा, आणि ते तिथल्या माणसाच्या तोंडून सांगा. "इतक्या लांबून आलेत, कसं परत पाठवायचं" असं म्हणत शेवटच्या तासात मिनिटाला एक पेशंट बघितला की मोठ्या चुका तेव्हाच होतात.

ताप आला की मलेरियाची गोळी, असं नाही. आधी बोटातून रक्त घेऊन जलद चाचणी. पॉझिटिव्ह असेल तर आर्टिमेथर-लुमेफँट्रिन, वजनाप्रमाणे, तीन दिवसांत सहा डोस, काही खाऊन किंवा दुधाबरोबर. पहिला डोस समोर द्या. जुलाबाच्या मुलाला ओआरएस आणि झिंक, आणि आईला ओआरएस तिच्याच भांड्यात कालवून दाखवायचं. एक लिटर म्हणजे किती, हे तिच्या घरच्या मगाने मोजलं तरच घरी नीट होतं.

बीपीचं तेवढं सांभाळा. पाच मिनिटं शांत बसवल्याशिवाय मोजू नका, डोंगर चढून आलेल्या माणसाचं बीपी वाढलेलंच असतं. जास्त निघालं तर हात शिवशिवतात, महिनाभराची गोळी देऊन टाकावीशी वाटते. एकतिसाव्या दिवशी काय? जवळच्या आरोग्य केंद्रात तीच गोळी मिळते आणि ते पेशंटला पुढे बघणार आहेत, हे त्या केंद्राच्या नर्सने सांगितल्याशिवाय जन्माची औषधं सुरू करायची नाहीत. फार जास्त असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात.

जे केलं ते पेशंटच्याच वहीत लिहा. तिथे अनेकजण शाळेची छोटी वही घेऊन येतात, लहान मुलांची आई-बाळ पुस्तिका असते. आपला रजिस्टरही जाताना यजमानांकडे ठेवायचा.

"भारतीय डॉक्टर" ऐकल्यावर लोक एक वेगळीच आशा धरतात. कॅन्सर आणि किडनीच्या उपचारांसाठी केनियातून भारतात येणारे बरेच आहेत. एखादा बाप फाइल घेऊन येतो, "मुलाला इंडियाला न्याल का?" तेव्हा "बघू, प्रयत्न करू" हे आपलं सवयीचं वाक्य गिळा. तिकडे ते वचन समजलं जातं.

सुई टोचली तर

घाबरून लपवू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवा, पिळू नका. लगेच टीमप्रमुखाला सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू, २८ दिवस. ती कुठे मिळतील हे शिबिराच्या आधी विचारून ठेवा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुयांचा डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, आणि तो गावात न सोडता रुग्णालयाच्या भट्टीकडे न्यायचा.

प्रार्थना आणि फोटो

आपण कोणाच्या नावाने आलोय हे लपवायचं कारण नाही. तिथले बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत, अनेकदा तेच तुमच्यासाठी प्रार्थना करतील. पण आजारी माणूस आणि औषध देणारा हे बरोबरीचे नसतात. गोळ्यांचं पाकीट हातात धरून "प्रार्थना करू का?" विचारलं तर तो नाही कसा म्हणेल? म्हणून आधी औषध द्या, सगळं समजावून सांगा, मगच विचारा, तेही तिथल्या पाळकाने किंवा सेविकेने. नाही म्हटलं तर हसून निरोप. "प्रार्थनेने बरे झालात, आता गोळी नको" असं टीममधल्या कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. एचआयव्हीच्या गोळ्या असं ऐकून बंद करणारे असतात.

फोटोबद्दल मी कडक आहे. तपासणीच्या जागेत मोबाइल बंद. तुमच्या मुलाचा उघड्या छातीचा फोटो अनोळखी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेला चालेल का, एवढं विचारा. टीमचा, इमारतीचा, डोंगराचा काढा हवा तेवढा.

परतल्यावर

निघायच्या आदल्या संध्याकाळी क्लिनिकल ऑफिसर आणि नर्सबरोबर तासभर बसा. कोणाचे रिपोर्ट यायचेत, कोणाला पुढे पाठवलंय, त्याची यादी मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक नावापुढे आता कोण बघणार हे लिहून घ्या. मंडळीत जी साक्ष आणि जो हिशोब देणार आहात, तो आधी यजमानांना पाठवा. त्यांनी आमच्या एका स्लाइडवरून "ज्यांना डॉक्टर माहीतच नव्हता" हे वाक्य काढायला लावलं, कारण त्या गावापासून अर्ध्या तासावर त्यांचाच दवाखाना वीस वर्षं चालू होता.

डॉक्सीसायक्लिन घरी आल्यावर सगळे विसरतात, ती पुढचे चार आठवडे जेवणाच्या टेबलावर डोळ्यांसमोर ठेवा. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर फॅमिली डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, "मी आफ्रिकेतून आलेय." आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या, दुसऱ्या दिवशी नाही.